बाण हातात, पिस्तूल छातीवर

यूट्यूबवर सप्टेंबरातल्या एल्क शिकारीचे व्हिडिओ पाहिले असतील, तर हे चित्र ओळखीचं वाटेल. रॉकी पर्वतातलं पाइनचं जंगल, पहाटेचा निळसर उजेड, अंगावर झाडपाल्याच्या छपाईचे कपडे आणि हातात कप्प्या-केबल लावलेलं कंपाउंड धनुष्य. छातीवर पट्ट्यात अडकवलेलं एक पिस्तूल. कॅमेरा धनुष्यावर रेंगाळतो, बाणाच्या पात्यावर रेंगाळतो. पिस्तुलाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. फार तर व्हिडिओखालच्या सामानाच्या यादीत त्या पट्ट्याची लिंक असते.

मी कधी शिकार केलेली नाही आणि करायची इच्छाही नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा असलेल्या देशात तो प्रश्न फारसा उरतही नाही. मला कुतूहल आहे ते त्या न बोलल्या गेलेल्या पिस्तुलाचं. ज्या माणसानं ठरवून रायफल घरी ठेवली आणि त्याहून अवघड हत्यार उचललं, तो दुसरी बंदूक घेऊन का निघतो? अमेरिकेतल्या धनुष्यानं शिकार करणाऱ्यांमध्ये हा वाद जुना आहे. एक बाजू म्हणते, रानात अस्वलं आहेत, वाईट माणसंही आहेत, जीव वाचला तर शिकार. दुसरी बाजू म्हणते, एवढी भीती वाटते तर धनुष्याचं नाटक कशाला? दोन्ही बाजू सुरक्षिततेबद्दल बोलत असतात. मला मात्र हा वाद गोष्टीबद्दलचा वाटतो. पोटासाठी शिकार करणाऱ्याला सगळ्यात सोयीचं हत्यार लागतं. गैरसोयीचं हत्यार निवडणाऱ्याला त्याशिवाय आणखी काहीतरी हवं असतं, आणि ते म्हणजे पुढे सांगता येईल अशी एक गोष्ट. त्या गोष्टीत पिस्तुलाला जागा आहे का, हा खरा प्रश्न.

म्हणून मी तीन अमेरिकन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली. सॅक्स्टन पोपचं ‘हंटिंग विथ द बो अँड अॅरो’ (१९२३), विल्यम फॉकनरची ‘द बेअर’ ही दीर्घकथा (१९४२) आणि जेम्स डिकीची ‘डिलिव्हरन्स’ ही कादंबरी (१९७०). प्रत्येकात एकच गोष्ट शोधली: लेखकानं बंदूक कुठे ठेवली आहे आणि ती कुणाच्या हातात दिली आहे?

*

आधी हत्याराबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रायफल असलेला निष्णात माणूस दोनतीनशे मीटरवरून हरीण पाडतो. धनुष्यवाल्याला वीस ते चाळीस यार्डांपर्यंत पोचावं लागतं. म्हणजे जनावराचा श्वास ऐकू येईल इतकं जवळ. गोळीसारखा बाण धक्क्यानं खाली पाडत नाही. तो कापतो, आणि जनावर रक्तस्रावानं मरतं. त्यामुळे बाण बसल्यावरही ते पळतं. शिकारी अर्धा तास थांबतो, जखम कुठे आहे त्यावर कधी कित्येक तास, कधी रात्रभर. मग रक्ताचे थेंब पाहत माग काढतो. ही सगळी अडचण पत्करण्यामागे एक कल्पना आहे. अमेरिकेत तिला ‘फेअर चेस’ म्हणतात. म्हणजे जनावराला निसटायची खरीखुरी संधी हवी. १९६१ साली स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब धनुष्यानं केलेल्या शिकारींच्या नोंदी ठेवतो तो याच तत्त्वावर.

अडचण अशी की ग्रिझली अस्वलांच्या मुलखात ही पद्धत सुरक्षिततेच्या प्रत्येक सूचनेच्या बरोबर उलट जाते. तिथल्या पाट्या काय सांगतात? बोलत चला, टाळ्या वाजवा, घोळक्यानं राहा, पहाटे आणि तिन्हीसांजेला जपा, मेलेल्या जनावराच्या आसपास फिरकू नका. धनुष्यवाला मुक्यानं चालतो. एकटा किंवा दुकटा असतो. वाऱ्याच्या खालच्या अंगानं जातो, अंगाचा वास लपवतो, पहाटे आणि संध्याकाळीच हिंडतो. सप्टेंबरात एल्कचे नर माजावर असतात, म्हणून तो मादीचा आवाज काढून त्यांना बोलावतो. थोडक्यात, आपण खाण्याजोगं जनावर आहोत असं तो सगळ्या रानाला कळवत असतो. शेवटी तो एक मढं तयार करतो, त्याला काही वेळ एकटं सोडतो आणि मग परत येऊन त्याच्याशेजारी सुरी घेऊन गुडघ्यावर बसतो. हे सगळं चालतं त्याच आठवड्यांत, जेव्हा ग्रिझली हिवाळ्याच्या झोपेआधी चरबी साठवायला दिवसरात्र खात सुटलेली असतात.

तेव्हा पिस्तूल बाळगणाऱ्याला भित्रा म्हणणं मला पटत नाही. पद्धतीनंच धोका वाढवून ठेवला आहे आणि पिस्तूल हे त्या पद्धतीचं बिल आहे. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. शिकाऱ्यानं आपणहून घेतलेली अडचण त्याच्या आणि एल्कच्या दरम्यानची आहे. नियम त्या दोघांत ठरले, तेही एकानंच ठरवले. एल्क निसटू शकतो, एवढीच त्या नियमांची उदारता. शिकारी मरू शकतो, हे त्या करारात कधीच नव्हतं.

*

पोपच्या पुस्तकात हा करार जवळजवळ पहिल्यांदा लिहिला जाताना दिसतो.

सॅक्स्टन पोप हा सॅन फ्रान्सिस्कोतला सर्जन. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ इशी नावाचा एक माणूस रानातून बाहेर आला. याही जमातीचा तो शेवटचा माणूस. विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात त्याला राहायला जागा मिळाली. पोप त्याचा डॉक्टर झाला, मग मित्र, आणि मग शिष्य. धनुष्य कसं घडवायचं, बाण कसे बनवायचे, हरणाला जवळ कसं आणायचं हे तो इशीकडून शिकला. १९१६ साली इशी क्षयानं गेला. सात वर्षांनी पोपचं पुस्तक आलं. अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचं आज जे मोठं जग आहे, त्याच्या मुळाशी हे पुस्तक आहे.

पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण ग्रिझलीचं. १९२० साली पोप आणि त्याचा मित्र आर्थर यंग यलोस्टोनमध्ये गेले. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संग्रहालयाला ग्रिझलीचे नमुने हवे होते, ते धनुष्यानं मिळवायचे असा बेत. सोबत नेड फ्रॉस्ट नावाचा गाइड होता आणि त्याच्या हातात रायफल होती. १९१६ साली यलोस्टोनमध्येच तळावर झोपलेल्या फ्रॉस्टला ग्रिझलीनं अंथरुणासकट ओढत नेलं होतं. ग्रिझली म्हणजे काय, हे त्या टोळीत सगळ्यात जास्त त्यालाच ठाऊक होतं. दोघे धनुर्धर पुढे, रायफलवाला पाठीशी. आणि अस्वल अंगावर आलं तेव्हा फ्रॉस्टनं रायफल चालवली.

पोपच्या बाजूनं सांगायला हवं की त्यानं हे लपवलेलं नाही. रायफल सोबत होती, ती झाडली गेली, हे तो सरळ लिहितो. आजच्या व्हिडिओंपेक्षा शंभर वर्षांपूर्वीचं हे पुस्तक याबाबतीत जास्त प्रामाणिक आहे. १९२५ साली पोप आणि यंग आफ्रिकेत सिंहांवर बाण चालवायला गेले, तेव्हाही स्ट्युअर्ट एडवर्ड व्हाइट हा लेखक रायफल घेऊन बरोबर होता. ‘द अॅडव्हेंचरस बोमेन’मध्ये तेही आलं आहे. म्हणजे धनुष्याच्या आधुनिक शिकारीचा एक निर्मळ जुना काळ होता आणि नंतर पिस्तुलानं तो बाटवला, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. पहिल्या पानापासून बंदूक तिथेच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. पोपच्या गोष्टीत फ्रॉस्ट आहे, पण तो गोष्टीचा मालक नाही. धाडस धनुर्धरांचं, त्या धाडसाला शक्य करणारी रायफल मात्र मोलानं आणलेल्या माणसाच्या हातात. आपलं हत्यार हलकं ठेवता यावं म्हणून जड हत्यार दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचं, ही सोय तेव्हापासूनची.

याहून जुनी बंदूक तर पुस्तकाच्या कडेला उभी आहे. इशी एकटा का उरला? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गोऱ्या वसाहतवाल्यांनी याही लोकांची हत्याकांडं केली. ती बंदुकांनी केली. मग त्या जमातीच्या शेवटच्या माणसाकडून एक गोरा डॉक्टर धनुष्य शिकला, ते खेळ म्हणून रुजलं, आणि त्या खेळाच्या संरक्षणाला पुन्हा बंदूक आली. इशीसाठी धनुष्य हा कुठलाही त्याग नव्हता. त्याच्याकडे असलेलं ते हत्यार होतं. धनुष्य म्हणजे बंदुकीचा त्याग, ही कल्पना फक्त बंदूकवाल्यालाच सुचू शकते.

*

त्यागाची सगळ्यात सुंदर गोष्ट फॉकनरनं लिहिली आहे. तिच्यात धनुष्य नाही, तरी या वादात ती वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

‘द बेअर’मधला आयझॅक, म्हणजे आइक, दहा वर्षांचा असताना मिसिसिपीच्या रानातल्या शिकारीच्या तळावर पहिल्यांदा येतो. त्या रानात ओल्ड बेन नावाचं म्हातारं अस्वल आहे, सापळ्यात सापडून एक पंजा चेचलेलं. सगळे दर नोव्हेंबरात त्याच्या मागावर असतात. आइकला ते दिसत नाही. चिकसॉ सरदाराचा आणि गुलाम स्त्रीचा मुलगा असलेला सॅम फादर्स त्याला सुचवतो की अडचण बंदुकीची आहे. पुढच्या उन्हाळ्यात आइक बंदूक तळावर ठेवून निघतो. तेवढ्यानं भागत नाही. मग तो घड्याळ आणि होकायंत्र झुडपाला लटकवतो. सापांसाठी हातात घेतलेली काठीसुद्धा तिथेच टेकवून ठेवतो. मग वाट चुकतो. आणि मग अस्वल दिसतं.

मला यात ती काठी फार महत्त्वाची वाटते. बंदूक टाकणं हे मोठं, नाट्यमय काम. काठी ही नुसती खबरदारी. तिनं अस्वलाचं काही बिघडणार नव्हतं. आजचा शिकारी छातीवरच्या पिस्तुलाबद्दल जे म्हणतो, तेच त्या काठीबद्दल म्हणता आलं असतं: ही शिकारीसाठी नाही, फक्त संरक्षणासाठी आहे. फॉकनर तीही काढून घेतो. त्याच्या हिशेबात संरक्षण आणि आक्रमण असे दोन कप्पे नाहीत. आपण रानात पाहुणे आहोत की मालक, एवढाच प्रश्न आहे.

पिस्तुलाच्या विरोधातले लोक इथे थांबतात आणि म्हणतात, बघा. पण कथा थोडी पुढेही वाचायला हवी. आइक निःशस्त्र होतो तो जून महिना आहे. तळावर मंडळी जमली आहेत ती वाढदिवस साजरे करायला. शिकारीचा हंगाम नाही. आइकला त्या दिवशी अस्वल मारायचं नाही, बघायचं आहे. नोव्हेंबरात तोही बंदूक घेऊनच निघतो. नंतरच्या एका प्रसंगात अस्वल अगदी समोर येतं आणि आइकचं छोटं कुत्रं त्याच्यावर धावून जातं. आइक बंदूक फेकून देतो आणि कुत्र्याला वाचवायला अस्वलाच्या पायांशी पळतो. शेवटी ओल्ड बेन मरतो तो लायन नावाच्या कुत्र्याच्या आणि बून नावाच्या माणसाच्या सुरीनं, चिखल-रक्ताच्या गोंधळात. त्यानंतर सॅम मरतो, आणि रानातलं लाकूड कंपनीला विकलं जातं.

फॉकनरनं दोन कृती वेगळ्या ठेवल्या आहेत. बघायचं असेल तर हत्यार टाकावं लागतं. मारायचं असेल तर हत्यार लागतं, आणि मारल्यावर काहीतरी कायमचं संपतं. एकाच सकाळी दोन्ही मिळेल असं तो कुठेही सांगत नाही. धनुष्यवाल्या शिकाऱ्याला नेमकं तेच हवं असतं: आइकसारखी रानाशी जवळीक, शिवाय शेवटी मांस आणि शिंगं. म्हणून पिस्तूल काढून टाकलं तरी तो आइक होणार नाही, कारण धनुष्य त्याच्या हातात आहेच. पिस्तुलामुळे त्याची शुद्धता भंगते हा आक्षेप मला म्हणूनच पोकळ वाटतो. भंगायला ती मुळात नव्हती.

*

आता दुसरी भीती. माणसांची.

पिस्तुलाच्या बाजूनं बोलणारे अस्वलांइतकाच माणसांचा दाखला देतात: रानात चोरून गांजा पिकवणारे, चोरशिकारी, कोण कुठे भेटेल याचा नेम नाही. ही भीती कुठून येते ते पाहायचं तर ‘डिलिव्हरन्स’ वाचावी. अटलांटा शहरातले चार मध्यमवर्गीय पुरुष, धरणाखाली जाणार असलेल्या एका नदीवर कनूतून सहलीला जातात. लुइस हा पटाईत धनुर्धर. शहरी संस्कृती कोसळेल आणि माझ्यासारखेच टिकतील असं मानणारा. निवेदक एड जाहिरात एजन्सीत काम करतो, तोही धनुष्य घेऊन आलेला. पहाटेच्या धुक्यात समोर आलेल्या हरणावर त्याचा बाण चुकतो. त्याच दिवशी डोंगरातली दोन माणसं बंदुकीच्या धाकावर एड आणि बॉबीला गाठतात, बॉबीवर बलात्कार होतो, आणि लुइसचा बाण त्यातल्या एकाच्या छातीतून आरपार जातो. डिकी स्वतः धनुर्धर होता. १९७२ साली जॉन बूरमननं यावर सिनेमा केला, त्यात शेरिफची छोटी भूमिका त्यानंच केली.

वरवर बघता पिस्तुलाच्या बाजूनं याहून मोठा पुरावा नाही. छातीवर पिस्तूल असतं तर हे घडलंच नसतं! पण कादंबरीचा खरा ताण त्या बाणानंतर सुरू होतो. प्रेताचं काय करायचं? ड्रू म्हणतो, पोलिसांकडे जाऊ. लुइस म्हणतो, इथली ज्यूरी मेलेल्याच्या नात्यागोत्याची असेल. मतदान होतं, ड्रू हरतो, प्रेत पुरलं जातं. पुढे ड्रूच मरतो. एड रात्री कडा चढून वरच्या बंदूकवाल्याला बाणानं मारतो आणि पडताना स्वतःचाच बाण त्याच्या कुशीत घुसतो. ज्याला मारलं तो आदल्या दिवशीचाच माणूस होता का, याची खात्री त्याला शेवटपर्यंत होत नाही.

या प्रश्नांतला एकही पिस्तुलानं सुटत नाही. मारलं हे योग्य होतं का, कुणाला सांगायचं, समोरचा तोच होता का, हे प्रश्न गोळी सुटल्यावरही तसेच उभे राहतात. गोळी फक्त ते लवकर आणते.

डिकीशी माझं भांडण आहे ते दुसऱ्याच मुद्द्यावर. त्याच्या डोंगरातली गरीब माणसं रानाचाच एक भाग असल्यासारखी येतात. त्यांच्या हिंसेमागे कारण नाही, त्यांना आगापिछा नाही. ज्यांचं खोरं धरणात बुडणार आहे ती माणसं हीच, पण कादंबरीला दुःख आहे ते शहरवाल्यांची नदी जाणार याचं. सिनेमानंतर उत्तर जॉर्जियातल्या स्थानिकांना या चित्रणाचा राग आला तो उगीच नव्हे. ‘रानात माणसं भेटतात म्हणून पिस्तूल’ या वाक्यातली माणसं बहुतेकदा तिथे राहणारी असतात, आणि बोलणारा बाहेरून आलेला असतो. भीती खरी असू शकते. पण ती कुणाकडे बघून वाटते, हे आधी सांगायला हवं.

*

पुस्तकं बाजूला ठेवू. प्रत्यक्षात हे पिस्तूल काम करतं का?

अलास्कातल्या नोंदींवर टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांचे दोन अभ्यास आहेत. २००८च्या अभ्यासात बेअर स्प्रेच्या, म्हणजे मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याच्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा फवाऱ्यानं अस्वल थांबलं. २०१२च्या अभ्यासात बंदुकीच्या २६९ घटना होत्या, १८८३ ते २००९ या काळातल्या. त्यात हँडगन ८४ टक्के वेळा उपयोगी पडली, लांब नळीची बंदूक ७६ टक्के वेळा. बंदूक असून न वापरणारे आणि वापरणारे यांच्या जखमी होण्यात मात्र फरक आढळला नाही.

वादात हे आकडे एकमेकांवर दगडासारखे फेकले जातात. ९२ विरुद्ध ८४, संपला विषय. तसं नाही. फवाऱ्याच्या घटनांत तळावर हुंगत आलेली, नुसती कुतूहल असलेली अस्वलंही आहेत. बंदुकीच्या घटना सव्वाशे वर्षांच्या आहेत, आणि ज्यात कुणाला काही झालं नाही अशा घटना नोंदल्या जाण्याची शक्यताच कमी. दोन वेगळ्या नमुन्यांची टक्केवारी शेजारी ठेवून कुठलं हत्यार बरं हे ठरत नाही. दोन्ही अभ्यासांतून एक गोष्ट मात्र दिसते: खिशात काय आहे यापेक्षा ते किती सेकंदांत हातात येतं याला जास्त किंमत आहे.

सप्टेंबर २०१८मध्ये वायोमिंगच्या टीटन वाइल्डरनेसमध्ये जे घडलं त्याचा अर्थही हाच. फ्लॉरिडाहून आलेल्या शिकाऱ्यानं बाणानं एल्क मारला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणि त्याचा गाइड मेलेला एल्क शोधून त्याचे तुकडे करत होते. पिस्तूल सामानाबरोबर काही पावलांवर ठेवलेलं होतं. ग्रिझली मादी आणि तिचं मोठं झालेलं पिल्लू धावत आलं. शिकाऱ्याच्या हाती पिस्तूल लागलं, पण गोळी झाडता आली नाही. त्यानं ते गाइडकडे फेकलं, ते पोचलं नाही. गाइड मरण पावला. त्याच्याजवळ बेअर स्प्रेही होता. नंतर अधिकाऱ्यांनी दोन्ही अस्वलांना मारलं.

यात कुणाचा दोष काढणं मला पटत नाही. रक्तानं भरलेल्या हातांनी शंभर किलोंहून जास्त मांस कापताना छातीवरचा पट्टा काढून ठेवणं अगदी स्वाभाविक आहे. माझ्या धंद्यात एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं: ज्या बॅकअपमधून डेटा परत आणून पाहिलेला नाही, तो बॅकअप नव्हे. सर्व्हरबद्दल हे म्हणणं सोपं आहे. अंगावर येणाऱ्या ग्रिझलीचा सराव कोण कसा करणार?

पण या घटनेत मला फ्रॉस्ट दिसतो. वायोमिंगच्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्या माणसाला संरक्षित वाइल्डरनेस भागात मोठ्या जनावराची शिकार करायची तर परवानाधारक गाइड किंवा स्थानिक सोबती घ्यावाच लागतो. म्हणजे सोबत कुणीतरी असणारच, आणि मढ्याशेजारी गुडघ्यावर बसणाऱ्यांत तो असणारच. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या शिकारकथा आपल्याकडे अजून चवीनं वाचल्या जातात. त्यांत मचाणावर रायफल असते आणि खाली रान उठवणारे हाकारे डबे बडवत वाघाच्या दिशेनं चालत असतात. वाघाचं नाव, रायफलीचं नाव, साहेबाचं नाव कथेत असतं. हाकाऱ्यांची नावं शोधून पाहा.

मचाणावरून आठवलं. अमेरिकेच्या पूर्वेकडे आणि मध्यभागी बहुसंख्य धनुर्धर ग्रिझली नसलेल्या रानात, झाडावरच्या मचाणात पंधरा-वीस फुटांवर बसून हरणाची वाट पाहतात. तिथे शिकाऱ्यांना होणाऱ्या गंभीर दुखापतींचं एक मोठं कारण आहे मचाणावरून पडणं. त्यावरचा उपाय म्हणजे अंगाला बांधायचा पट्टा, ज्याला हार्नेस म्हणतात. त्या पट्ट्यावर कुणी कादंबरी लिहिलेली नाही. त्याच्याकडे बघून कुणाला आपण शूर असल्याचा भास होत नाही. .४४ मॅग्नमला ‘डर्टी हॅरी’ मिळाला. हार्नेसला कुणीच नाही. सुरक्षितता हाच जर खरा मुद्दा असता, तर वाद घालणाऱ्यांनी पिस्तुलाइतकाच वेळ पट्ट्यावर खर्च केला असता.

*

या सगळ्या वादात मला सगळ्यात शहाणं वाटलं ते कुठलंही पुस्तक नाही, अलास्कातला एक नियम आहे. तिथे स्वतःचा जीव वाचवण्यासाठी अस्वल मारायला मुभा आहे. पण तुम्ही त्याला डिवचलं असेल, तर नाही. आणि मारलं तर नखांसकट कातडं आणि कवटी सरकारजमा करावी लागते. म्हणजे जीव तुमचा, ट्रॉफी नाही. अनेक राज्यांत पूर्वी धनुष्याच्या हंगामात बंदूक जवळ बाळगायलाच बंदी होती, कारण बाणानं मारलं म्हणून सांगायचं आणि गोळी घालायची, ही शंका. आता बऱ्याच ठिकाणी मुभा आहे, पण त्या पिस्तुलानं शिकार करायची नाही, या अटीवर.

कायद्यानं जे केलं ते लेखनाला जमलेलं नाही. कायदा म्हणतो: पिस्तूल ठेव, पण त्यातून गोष्ट मिळवू नकोस. शिकारीचे व्हिडिओ आणि लेख उलट करतात. गोष्ट धनुष्याची सांगतात आणि पिस्तूल चौकटीच्या कडेला, नुसतंच ठेवून देतात. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की हा माणूस आणि रान समोरासमोर उभे आहेत. खरं तर त्या दोघांमध्ये एक पिस्तूल, एक फवारा, एक सॅटेलाइट फोन आणि बऱ्याचदा एक पगारी माणूस उभा असतो.

म्हणून माझं मत असं. ग्रिझलीच्या रानात धनुष्य घेऊन जाणाऱ्यानं पिस्तूल किंवा फवारा, किंवा दोन्ही, जरूर न्यावं, आणि मांस कापतानाही अंगावरच ठेवावं. पिस्तूल नेल्यानं तो खोटा ठरत नाही. ते असताना नसल्यासारखी गोष्ट सांगितली, तर ती गोष्ट खोटी ठरते. पोपनं शंभर वर्षांपूर्वी रायफल पानावर आणली होती, तेवढं तरी आज व्हावं. त्याच्यापुढे एक पाऊल टाकायचं असेल, तर ती कुणाच्या हातात होती, त्याला दिवसाचे किती पैसे मिळत होते आणि अस्वल आलं तेव्हा तो कुठे उभा होता, हेही लिहावं. शिकारीवरचा पुढचा चांगला लेख कदाचित बाण मारणारा लिहिणार नाही. त्याच्या मागे रायफल घेऊन उभा असलेला माणूस लिहील, आणि मला तो वाचायचा आहे.